लाइन गेली का...

बल्लारपूरच्या एका टर्नरमामांची मजुरी मी पै न् पै चुकती केली आहे. तरी त्यांचं देणं काही फिटत नाही.

२०१४ साली आशिया-पॅसिफिक रोबोकॉन ही रोबोंची स्पर्धा पुण्यात होती. विषय पालकत्वाचा: थोरल्या रोबोने धाकट्याला उचलून झोपाळ्यावर, सी-सॉवर न्यायचं. त्याआधी बालेवाडीला देशभरातल्या कॉलेजांची फेरी. आम्ही चंद्रपूरच्या पोरांनी उचलायच्या यंत्रणेसाठी नागपूरहून लीड स्क्रू आणला होता. थ्रीडी प्रिंटरला असतो तसला, आठ मिलिमीटर जाडीचा, चार स्टार्टचा, म्हणजे चार आटे शेजारी-शेजारी कापलेला. एका फेऱ्यात नट आठ मिलिमीटर चढतो. सामना तीन मिनिटांचा, मग वेगाचा मोह पडणारच.

मामांकडे कामं यायची ती राइस मिलची, आरा मशीनची. त्यांनी आमचा स्क्रू उभा धरला, तेलाचे थेंब सोडले, पितळी नट वर नेला आणि बोट काढलं. नट गरगरत खाली.

"लाइन गेली का तुयं लेकरू पडन ना बे!"

चढाचा कोन घर्षणाच्या कोनाहून लहान असला तरच नट जागेवर थांबतो, हे गणित आम्ही परीक्षेत सोडवून आलो होतो. या स्क्रूचा कोन वीस अंशांच्या घरात. त्याच जाडीत दोन मिलिमीटरचा एकेरी आटा घेतला तर तो पाचावर येतो, पण वेगही चौथाई होतो. मामांनी वाट काढली ती जाडीतून. सोळाचा रॉड, चारचा आटा: कोन तोच पाच अंश, उचल दुप्पट, शिवाय लांब रॉड थरथरण्याची भीती कमी. आट्यासाठी तीस अंशांचं टूल ते हाताने ग्राइंडरवर घासत, गेजला लावून उजेडात धरत, फट दिसली की पुन्हा घासत. नट गनमेटलचा केला.

पुण्याहून परतल्यावर त्यांनी आधी विचारलं, "नट गरम झालता का?" झाला होता. अशा स्क्रूत निम्म्याहून जास्त ताकद घर्षणातच जाते. थांबण्याची सोय फुकट मिळत नाही.

आता मी पुण्यात लिफ्टिंग फिक्स्चर डिझाइन करतो. विक्रेते बॉल स्क्रू दाखवतात, नव्वद टक्के कार्यक्षमता सांगतात. मी विचारतो, लाइन गेली तर? मग ते कॅटलॉग उलटवून ब्रेकवाल्या मोटरचं पान काढतात. किंमत तिथे असते.