दाजींनी कंपनीला विचारावं

तीर्थस्वरूप आक्कास,


दाजींचं म्हणणं कळलं. ‘पोरगा आयटीआयला घातलाय तो शिकायला, आता काही महिने कंपनीत राबायला पाठवायचा, तर फी कशाची भरायची?’ मी शिकवतो त्या सांगलीच्या आयटीआयतही प्रवेशाच्या दिवसांत पालक हेच विचारतात. इंजिनिअरिंगचा मुलगा इंटर्नशिपला निघाला की घरात कौतुक. फिटर ट्रेडचं पोरगं त्याच गेटातून आत गेलं की ते राबणं!

आणि हे साताऱ्यात बसून म्हणायचं, याचं मला हसू येतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी, म्हणजे अण्णांनी, 1924 साली मुलांचं बोर्डिंग साताऱ्याला आणलं, 1947 साली छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं आणि ‘कमवा आणि शिका’ थेट कॉलेजपर्यंत नेलं. तिथे बी. ए. करणारा मुलगाही शेतात खपायचा. काम सगळ्यांच्याच वाट्याला होतं, म्हणून त्यात कमीपणा नव्हता. आज दहावीला मार्क कमी पडले त्याच्या हातात कानस, बाकीच्यांच्या हातात पुस्तक. मग कामाला प्रतिष्ठा कुठून येणार?

तरी दाजींच्या शंकेत तथ्य आहे, आणि अण्णांचा फोटो पुढे करून ते झाकू नये. बोर्डिंगातलं काम जेवणखाण आणि शिक्षणाचा खर्च भागवायला होतं. भांगलण करून कुणी इतिहास शिकत नव्हतं. आयटीआयमधली 2016 पासूनची ड्युअल पद्धत, म्हणजे काही महिने वर्गात आणि काही महिने कंपनीत, निराळी. इथे कंपनीतलं काम हाच अभ्यास. तेव्हा काम भिकार मिळालं, तर अभ्यासच बुडाला. माझ्या हाताखालचा एक मुलगा एका कारखान्यात सगळी मुदत एकाच ड्रिलिंग मशीनवर उभा राहिला. परत आला तेव्हा वर्गात आलेलं ड्रॉइंग वाचणंही विसरला होता. त्याच तुकडीतला दुसरा जिथे गेला तिथल्या जुन्या मिस्त्रीनं त्याला लेथवर जॉब लावायला, टूलला धार करायला, मायक्रोमीटर धरायला शिकवलं. कागदावर दोघांचं प्रशिक्षण सारखंच.

आपल्या भागात वर्ग आणि कारखाना तसे लांबचे नव्हतेच. लक्ष्मणराव किर्लोस्कर आधी मुंबईच्या व्हीजेटीआयत शिकवत. पुढे कुंडलजवळच्या माळावर त्यांच्या कारखान्याभोवती किर्लोस्करवाडी वसली ती 1910 साली. आणि खुद्द अण्णा किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरले होते.

म्हणून पोराला पाठव, पण दाजींना आधी आयटीआयत जाऊन कंपनीबरोबरचा करार बघू दे. कोणत्या महिन्यात कोणतं मशीन, शिकवणारा माणूस कोण, हजेरी आणि जॉबची वही कोण तपासणार, विद्यावेतन देणार का, लागलं-खुपलं तर जबाबदारी कुणाची, हे सगळं विचारू दे. पास झाल्यावरची अप्रेंटिसशिप वेगळी, तिची गल्लत नको. 2019 च्या नियमांनी आयटीआय झालेल्याला तिथे महिना किमान 7000 रुपये ठरवले होते. तिचा करार नोंदलेला हवा आणि 1961 च्या कायद्यानं अप्रेंटिस हा कामगार नव्हे, शिकणारा आहे, हे दाजींनी सुपरवायझरला ठणकावून सांगावं.

आणि कंपनी काही लेखी दाखवत नसेल, तर त्या कंपनीला नाही म्हणा, ट्रेडला नको.

तुझा धाकटा भाऊ