मिठाचे पाणी

मिठाविषयी मराठी माणूस सहसा संशय घेत नाही. खाल्ल्या मिठाला जागावे असे आपण म्हणतो, घसा बसला की मिठाच्या गुळण्या करतो, दृष्ट काढायलाही मीठमोहऱ्याच घेतो. त्यामुळे न्यू जर्सीतल्या घरामागे गरम पाण्याचे कुंड, म्हणजे इथल्या भाषेत हॉट टब, बसवायचे ठरले तेव्हा ‘सॉल्ट वॉटर’ हे दोन शब्द ऐकूनच आम्ही उभयता विरघळलो. त्या पाण्यात क्लोरीन नसते, असे आम्हांला कोणी सांगितले नव्हते. ते आमचे आम्हीच ऐकले. उभयतांचे आयुष्य शब्द वाचण्यात आणि शिकवण्यात गेलेले. तरीही हे घडले, म्हणून ही नोंद.

गुडघ्यांना ऊब मिळावी म्हणून कुंड घेतले ते आईसाठी. पहिल्याच दिवशी तिने बोट बुडवून जिभेला लावले आणि म्हणाली, “हे कसलं खारं? आमटीत याहून जास्त मीठ असतं.” तिचे खरेच होते. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, आमच्या कुंडात लिटरला 2 ग्रॅम मीठ. दीड हजार लिटर पाण्याला तीन किलो पुरले. इतक्या अळणी पाण्यात जंतू मरत नाहीत. मीठ हा तिथे केवळ कच्चा माल. यंत्रातल्या धातूच्या पट्ट्यांमधून वीज गेली की मिठातल्या क्लोराइडचे क्लोरीन होते, ते पाण्यात मिसळून हायपोक्लोरस आम्ल तयार होते, आणि जंतूंना मारते ते हे आम्ल. काम झाले की त्याचे पुन्हा क्लोराइड होते. मीठ संपत नाही. उडालेल्या आणि उपसलेल्या पाण्याबरोबर जाते तेवढेच.

हे सारे आम्हांला नंतर कळले. त्या हिवाळ्यात एका शनिवारी घरी पाहुणे होते, आणि कुंडात संध्याकाळभर कोणी ना कोणी बसलेले होते. दुसऱ्या दिवशी पाण्याला उग्र वास येऊ लागला. वास येतो म्हणजे क्लोरीन भरपूर आहे, असे एकाचे मत; मीठ कमी पडले असावे, असे दुसऱ्याचे. दोन्ही मते चुकीची होती. तो वास घाम आणि त्वचेवरच्या द्रव्यांशी जखडलेल्या क्लोरीनचा असतो; मोकळे क्लोरीन पुरेसे नसल्याची ती खूण. आम्ही मात्र आणखी मीठ ओतले. पाणी इतके निवळ होते की तळाची जाळी दिसत होती. दोन दिवसांनी आईच्या पाठीवर आणि मांड्यांवर लाल, खाजरे पुरळ उठले. डॉक्टरांनी पाहताच विचारले, “घरी हॉट टब आहे का?” कोमट पाण्यात वाढणाऱ्या स्यूडोमोनास जिवाणूचे ते काम होते. आई एका शब्दाने बोलली नाही, आणि तेच आम्हांला अधिक लागले.

मग शाळेत पाठ केलेले शब्द कामाला आले. थेंबांच्या संचाने तपासले तर सामू 8.2; हवा तो 7.2 ते 7.8. फरक किरकोळ वाटला, पण सोरेन्सन यांनी 1909 साली कोपनहेगनच्या एका मद्यनिर्मात्याच्या प्रयोगशाळेत मांडलेली ही श्रेणी लॉगॅरिदमची आहे; तीत पूर्ण एकाचा फरक म्हणजे दहापट. सामू 7.5 च्या आसपास असतो तेव्हा मोकळ्या क्लोरीनपैकी साधारण निम्मे त्या प्रभावी आम्लाच्या रूपात असते, 8.2 ला पाव भागही उरत नाही. आणि इथले पाणी दुष्फेन. सामू चढला, पाणी तापले, की कॅल्शियम पट्ट्यांवर पांढरा थर धरते, बंबाच्या आत धरायचा तसाच. थराखालच्या पट्ट्या क्लोरीन करीनाशा झाल्या होत्या. कारंजी जितकी खेळवावी तितका पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडून सामू आणखी चढतो. यांतले काहीही मीठ घालून सुधारणारे नव्हते.

पाणी उपसले, कुंड आणि नळ्या निर्जंतुक केल्या, गाळणी बदलली, पट्ट्या सौम्य आम्लात धुतल्या. आता मोकळे क्लोरीन दहा लाख भागांत किमान 3 भाग आहे ना, हे रोज पाहतो. आधी क्षारता जुळवायची, मग सामू, आणि प्रत्येक मात्रेनंतर थांबायचे. एकदम पुष्कळ आम्ल घातले की पाणी दुसऱ्या टोकाला जाते. पूर्वी एखादी संज्ञा कानाला गोड लागली की विद्यार्थ्यांपुढे आम्ही ती बिनदिक्कत वापरत असू. हल्ली वर्गात ती उच्चारण्यापूर्वी तिच्याखाली नेमके काय घडते ते एकदा पाहून घेतो. कधीकधी त्यात तास संपतो.

आई महिन्याभरात बरी झाली आणि आमच्या आग्रहाशिवाय पुन्हा कुंडात उतरली. मात्र त्याआधी चष्मा लावून, कागदाची पट्टी उजेडात धरून तिने स्वतः रंग जुळवला. परत जाईपर्यंत हे काम तिने आम्हांला करू दिले नाही. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर, दूधवाल्याचा हिशेब लिहावा तसे, तारखेखाली तिचे आकडे आहेत: 7.4, 7.6, 7.4. एका चौकोनात आकड्याऐवजी फक्त लिहिले आहे, “आज नको.”