‘आवाज’ नावाचा रकाना

दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, वहीत सहा रकाने होते. तारीख, किलोमीटर, पेट्रोल, ऑइल, पाणी आणि शेवटचा ‘आवाज’. शिरूरच्या बाजारपेठेत आमचं कापडाचं दुकान, त्यामुळे लाल चोपड्यांना घरात तोटा नव्हता. १९७८ साली दादांनी जुनी फियाट घेतली आणि त्याच दिवशी एक चोपडी गाडीच्या नावे काढली. आवाजाच्या रकान्यात बहुतेक दिवस ‘नीट’ असे. मधूनच ‘टॅपेट वाजतात’, ‘चढाला ठोकते’, ‘सायलेन्सरमध्ये फुटते’ अशा नोंदी. आज ती चोपडी चाळताना वाटतं, त्या काळी इंजिनाचा भरवसा कारखान्यातून येत नसे. तो रोज सकाळी घरी तयार करावा लागे.

आम्ही ‘फियाट’ म्हणायचो ती म्हणजे प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. दौंडच्या पुढे, इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर त्यांच्याच नावाचं, म्हणून दादांना ती गाडी आपल्या भागातली वाटे. चार सिलिंडरचं १०८९ सीसीचं इंजिन. दुकान उघडायच्या आधी दादा बॉनेट वर करत. ऑइलची पट्टी काढून फडक्याने पुसायची, परत घालून काढायची, उजेडात धरून बघायची. फॅनबेल्ट अंगठ्याने दाबायचा. बॅटरीच्या सहाही झाकणांतून डोकावायचं. मग रेडिएटर. आमच्या बोअरचं पाणी इतकं क्षाराचं की चहाच्या पातेल्यालाही पांढरा थर बसे. तोच थर रेडिएटरच्या नळ्यांत बसला की इंजिन तापणार, म्हणून पत्र्यावरून गळणारं पावसाचं पाणी दादा कॅनमध्ये भरून ठेवत. ते कॅन आम्हा मुलांना हात लावायला बंदी होती.

माझं आजोळ दौंडला. आजोबा रेल्वेत गार्ड. दिवाळीला आणि उन्हाळ्यात न्हावरे, पारगाव, चौफुला, पाटस करत आम्ही निघायचो. हाच रस्ता रांजणगावच्या महागणपतीचं दर्शन घेऊन सिद्धटेकला जाणाऱ्या अष्टविनायकाच्या यात्रेकरूंचाही. बाभळीखाली बॉनेट उघडं टाकून उभी असलेली एक तरी गाडी वाटेत दिसेच, आणि दादा थांबत. थांबायचं की नाही, हा प्रश्नच नसे. पुढच्या खेपेला आपण तिथे असणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

१९८५ च्या मार्चमध्ये ती पाळी आमच्यावर आली. कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या बैलगाड्यांची रांग पुढे, आम्ही मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकतोय, वर ऊन. न्हावऱ्याच्या पुढे गाडीने दोन आचके दिले आणि गप्प झाली. आईने पाण्याचा फिरकीचा तांब्या पुढे केला, पण दादांनी पिण्याच्या पाण्याला हात लावला नाही. खांद्यावरचा पंचा घेऊन ते पाटावर गेले, भिजवून आणला आणि एसी पंपावर गुंडाळला. कार्ब्युरेटरला पेट्रोल पोचवणारा हा छोटा पंप इंजिनालाच जोडलेला असे. इंजिन फार तापलं की पंपातच पेट्रोलची वाफ होई. पंपाला पेट्रोल ओढता येतं, वाफ ओढता येत नाही. पंधरा मिनिटं आम्ही उसाची कांडी खात बसलो. मग दादांनी चावी फिरवली आणि इंजिन घेतलं. चोपडीत त्या दिवशीची नोंद आहे: ‘पंप तापला. पंचा. नीट.’

दौंडला पोचल्यावर गाडी आधी मिस्त्रींकडे जाई. मिस्त्री रेल्वेच्या लोको शेडमध्ये फिटर होते, निवृत्तीनंतर त्यांनी घराशेजारी पत्र्याची शेड टाकली होती. आजोबांचे स्नेही, त्यामुळे दादा त्यांचे जावईबापू. इंजिन चालू ठेवून ते लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक हेडवर टेकवत, मूठ कानाला लावत आणि डोळे मिटून एकेका सिलिंडरवरून सरकत. “जावईबापू, दोन नंबरचं टॅपेट सैल आहे. आज राहू द्या, पण दिवाळीला याल तेव्हा वाजत याल.” आणि दिवाळीला आम्ही खरंच वाजत जायचो.

त्या इंजिनाला लागायचंही फार. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट ठिणगीने जळत, ते पॉलिश पेपरने घासून फिलर गेजने अंतर लावावं लागे. प्लग काजळत. ऊन-थंडीप्रमाणे कार्ब्युरेटरचं मिश्रण कमी-जास्त करावं लागे. पिस्टनच्या डोक्यावर आणि वॉल्व्हवर कार्बन साठला की हेड उतरवून डिकार्ब करायचं. आमच्या फियाटचं दोनदा बोअरिंग झालं. दोन्ही वेळा मागच्या काचेवर ‘रनिंग इन’ लिहून दादांनी गाडी नव्या सुनेसारखी जपून, हळू चालवली. आता स्वच्छ सांगायचं तर यात रम्य काही नव्हतं. लग्नं चुकली, दुकानाचा पैसा गॅरेजमध्ये गेला, एकदा दवाखान्यात पोचायला उशीर झाला. ते इंजिन विश्वासू नव्हतं. विश्वासू होती ती माणसं.

१९८९ मध्ये आमच्याकडे मारुती ८०० आली. १४ डिसेंबर १९८३ ला देशातल्या पहिल्या ग्राहकाच्या हाती तिची चावी पडली होती, पण शिरूरला तेव्हाही ती बघायला गल्ली जमली. ७९६ सीसी, तीनच सिलिंडर. मिस्त्रींनी बॉनेट उघडून पाहिलं आणि म्हणाले, “तीन पायांचं घोडं कुठवर जायचं?” पण पुढची पानं बघा. ‘नीट. नीट. नीट.’ पानंच्या पानं तोच एक शब्द.

या इंजिनाने मिस्त्रींचा कान मात्र हरवला. कॅमशाफ्ट फिरवणारा टायमिंग बेल्ट रबरी होता. फियाटमध्ये काहीही बिघडायचं ते आधी वाजून. रबरी बेल्ट तुटेपर्यंत चकार शब्द काढत नाही. तो ऐकून कळत नाही, किलोमीटर मोजूनच बदलावा लागतो. दादांनी चोपडीत सातवा रकाना आखला: ‘बेल्ट’. माझ्या मते गाडीच्या देखभालीचा काळ त्या रेघेपाशी बदलला. तोवर इंजिन कानाने सांभाळायचं होतं, पुढे ते तारखेने सांभाळायचं झालं.

मग कार्ब्युरेटर गेला, चोक गेला. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसं नसलेलं पेट्रोल आलं. इंजेक्शनच्या गाड्यांत पंप टाकीत जाऊन बसला आणि पेट्रोल दाबाखाली पुढे ढकलू लागला, म्हणून ते वाटेत उकळत नाही. दादांचा ओला पंचा ज्यावर उपाय होता तो आजारच उरला नाही. हवा किती आली, इंजिन किती तापलं, धुरात ऑक्सिजन किती उरला, हे सेन्सर मोजतात आणि मिश्रण संगणक ठरवतो. आणि अशी इंजिनं बनू लागली ती आमच्याच तालुक्यात. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या फियाट-टाटा भागीदारीच्या कारखान्यात १.२ लिटरची ‘फायर’ पेट्रोल इंजिनं तयार झाली. ज्या रस्त्यावर आम्ही वाफ जिरायची वाट बघत बसलो, तो तिथून तासाभराच्या आत आहे. याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. तीन वर्षांपूर्वी माझ्या भाच्याने वापरलेली छोटी गाडी घेतली. चांगलं इंजिन, चावी फिरवली की पहिल्या घावाला चालू. त्याने दीड वर्षात अठरा हजार किलोमीटर केले आणि बॉनेट एकदाही उघडलं नाही. पाटसच्या टोलनाक्याच्या पुढे ऑइलचा लाल दिवा लागला. ‘दौंड आलंच आहे’ म्हणून तो तसाच गेला. तो दिवा ऑइल किती उरलं ते सांगत नाही, ऑइलचा दाब गेला हे सांगतो. म्हणजे तो लागला की गाडी तिथेच बंद करायची. दौंडच्या अलीकडे इंजिन ठोकू लागलं. बेअरिंगं गेली होती, क्रँकला चरे पडले होते. फियाटने असा दगा देण्याआधी महिनाभर कुरकुर केली असती. पण ही कुरकुरत नाही म्हणून दोष इंजिनाचा नव्हे. दहा हजार किलोमीटरला किंवा वर्षाला ऑइल बदला, एवढंच ते मागतं.

जुनी लक्ष देण्याची सवय नव्या काळातही हवी, कारण इंजिन सुधारलं तरी भोवतालचं जग बदलत राहतं. आमच्या भागातल्या उसाचं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत असतं. शेतकऱ्याला त्यातून चार पैसे मिळतात याचा मला आनंदच आहे. पण इथेनॉल हवेतली ओल शोषतं आणि जुन्या गाड्यांतलं रबर त्यासाठी बनवलेलं नाही. म्हणून जुन्या गाडीचे पेट्रोलचे पाइप वरचेवर बघावेत आणि टाकीत पेट्रोल ठेवून गाडी महिनोन् महिने उभी ठेवू नये. उसाचं रान तुटलं की उंदीर घरांकडे सरकतात आणि बॉनेटखालच्या उबेला येऊन वायरी कुरतडतात. फियाटमध्ये तुटलेली वायर जोडून पुढे जाता येई. आता सेन्सरची एक वायर तुटली तरी गाडी अडू शकते. रात्री उभी केलेल्या गाडीचं बॉनेट सकाळी उघडायला हे एक कारणही पुरे आहे.

इंजिन बांधून झाल्यावर भाच्याला मी दादांची चोपडी दिली. मागे तीस-एक पानं कोरी होती. त्याने पहिले चार रकाने तसेच ठेवले, ‘पाणी’ खोडून ‘कूलंट’ केलं आणि ‘आवाज’पाशी अडला. “आत्या, यात काय लिहू? हिला आवाजच नाही.”

“तेच लिही,” मी म्हटलं. “पण ऐकून लिही.”

गेल्या रविवारी दौंडहून त्याचा फोन आला. मागे टॅपेटसारखी बारीक टिकटिक ऐकू येत होती. “आत्या, पट्टीवर ऑइल खालच्या खुणेपर्यंत आलंय. इथेच अर्धा लिटर घालून निघू ना?”