गव्हाणीपाशी

१
गाय व्याल्यावर दूध झपाट्याने वाढतं. चार ते आठ आठवड्यांत सर्वांत जास्त होतं. भूक मात्र मागून येते. पूर्ण खाणं सुरू व्हायला दहा-बारा आठवडे जातात. मधली तूट गाय स्वतःच्या अंगातून भरते.

२
एक लिटर दुधामागे सुमारे ७२ ग्रॅम ग्लुकोज. वीस लिटरच्या गाईला रोज जवळजवळ दीड किलो.

३
संगमनेरकडचा एक गोठा. चुलीवर भरडलेली बाजरी शिजतेय, त्यात गूळ, मेथ्या, शेपा. ओल्या बाळंतिणीसारखीच गाईचीही सरबराई. बाजरी कामी येते. गूळ मात्र कोठीपोटातले जंतूच फस्त करतात. तो साखर म्हणून रक्तात पोचत नाही. गाईला लागणारं ग्लुकोज तिचं यकृत बनवतं, मुख्यतः दाणा आंबून तयार होणाऱ्या प्रोपिओनिक आम्लापासून. ऊर्जेच्या तुटीतून होणारा किटोसिस हा आजार झालेल्या गाईला डॉक्टर प्रॉपिलीन ग्लायकॉल पाजायला सांगतात ते याचसाठी.

४
किटोसिसची पहिली खूण: गाय खुराक सोडते आणि कडबा चघळत राहते. मालक म्हणतो, ‘पेंड बदलून बघतो.’

५
भाकड काळात चरबीने फुगलेली गाय व्याल्यावर कमी खाते.

६
डॉक्टर आले की गोठा सांभाळणाऱ्या ताई म्हणतात, ‘तिसऱ्यांदा भरवली, परत उलटली.’ डॉक्टर हातमोजा घालत नाहीत. आधी गाईच्या मागे उभे राहून नुसतं बघतात, मग शेपटीच्या मुळाशी तळहात दाबतात. दोन्ही बाजूंना खोल खड्डे, कमरेची हाडं कातडीखालून वर आलेली. शरीराच्या भरण्याला १ ते ५ गुण देतात. विताना ३ ते ३.५ असावेत. त्यातला अर्धा गुण उतरला तर चालतं. एकाहून जास्त उतरला की गाभण राहण्याचं प्रमाण पडतं. ‘व्याली तेव्हा अंगाने कशी होती?’ डॉक्टर विचारतात. ताईंना सांगता येत नाही. किती दूध द्यायची, ते मात्र लिटरात पाठ आहे.

७
उपाशी अंगात इन्सुलिन कमी, आयजीएफ-१ हे संप्रेरक कमी, बीज सोडवणाऱ्या एलएच या संप्रेरकाचे मेंदूकडून येणारे ठोके मंद. अंडाशयात बीजपुटक वाढतं आणि न फुटताच विरतं. बाहेरून काही दिसत नाही; माज आलाच नाही, एवढंच.

८
१९९२ साली जॅक ब्रिट या अमेरिकी शास्त्रज्ञाने मांडणी केली: आज सुटणारं बीज दोन-अडीच महिन्यांपूर्वीपासून वाढत असतं, आणि त्या वेळची उपासमार ते सोबत घेऊन येतं. हे पटलं, तर उलटलेल्या गाईसाठी रेतन करणाऱ्याला बोल लावण्याआधी व्याल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांतली गव्हाण आठवायला हवी. मला ते पटतं.

९
दहा लिटर चिकात सुमारे २३ ग्रॅम कॅल्शियम. गाईच्या रक्तात एका वेळी असतं जेमतेम ३ ग्रॅम. शेजारीपाजारी खरवसाचे डबे पोचतात. त्या रात्री गाय बसली तर कॅल्शियमचं सलाइन. बसली नाही, तरी कॅल्शियम कमी असलं की गर्भाशय सैल राहतं, वार अडकते, मैल्यात जंतू वाढतात. पुढचे माज त्यातच जातात.

१०
कारखान्यांचा पट्टा, गळीत हंगाम. गव्हाणीत सकाळ-संध्याकाळ उसाचे वाढे. वाढ्यांतलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. क्षार मिश्रणाची पिशवी कोनाड्यात, तोंड बांधलेली.

११
‘दूध वाढवलं की पेंड वाढवू.’ बहुतेक गोठ्यांत हाच हिशोब. क्रम उलटा हवा: विण्याआधी तीन आठवड्यांपासून थोडा थोडा खुराक, व्याल्यावर टप्प्याटप्प्याने वाढ, म्हणजे पोटातले जंतू सरावतात. एकदम ओतला तर पोट आंबतं आणि असलेली भूकही जाते.

१२
नुसती पेंड वाढवूनही भागत नाही. ऊर्जा कमी आणि प्रथिनं भरमसाट असली, तर रक्तात युरिया चढतो आणि गर्भाशयात गर्भाला नीट थारा मिळत नाही. मका भरडा, मुरघास, चांगला चारा जोडीला लागतोच.

१३
गाभणकाळ २८० दिवस. वर्षाला एक वासरू हवं असेल, तर ३६५ मधून उरतात ८५. गर्भाशय पूर्ववत व्हायला त्यातले सुमारे ४० जातात. माज २१ दिवसांनी. संधी दोन, आणि दोन्ही वेळा दूध ऐन भरात.