बुळकांडी

भाषांतरकाराच्या मेजावर काही शब्द असे येतात की त्यांचा अर्थ कोशात मिळतो, पण त्यांमागील भय मिळत नाही. ‘रिंडरपेस्ट’ हा त्यांपैकीच एक. मराठीत त्याला बुळकांडी म्हणत, हिंदीत पोंकनी. दोन्ही नावांत जनावराच्या जुलाबाचा निर्देश आहे. बंगालीने मात्र त्याला ‘गोवसंत’, म्हणजे गाईला आलेल्या देवी, असे म्हटले. एकाने गोठ्यातील घाण पाहिली, दुसऱ्याने तोंडातील व्रण, रोग एकच.

आरंभी ताप येई, डोळ्यांतून पाणी गळे. मग हिरड्यांवर कोंडा फासल्यासारखा थर दिसे व तो निघताच खाली लाल व्रण उघडे पडत. तसेच व्रण आतड्यांतही होत. आतील अस्तर सोलून निघे, गुदाशयात रक्ताळलेले पट्टे उमटत आणि दुर्गंधीयुक्त, रक्तमिश्रित हगवणीने अंगातील पाणी आटून बैल थोड्याच दिवसांत आडवा होई. पेरणीच्या तोंडावर असे घडले म्हणजे त्या घराचे वर्षच बुडाले!

या साथींवर संशोधन करण्यासाठी १८८९ साली पुण्यात प्रयोगशाळा निघाली. रोगजंतू वस्तीपासून दूर राहावेत म्हणून १८९३ साली ती कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला नेण्यात आली. तेथेच १९२० नंतरच्या दशकात जे. टी. एडवर्ड्‌स यांनी हा विषाणू एका शेळीतून दुसऱ्या शेळीत असा पुनःपुन्हा नेऊन सौम्य केला व त्याची लस बनविली. १९५४ साली राष्ट्रीय निर्मूलन योजना सुरू झाली आणि लस टोचणारे गावोगाव हिंडू लागले.

मला विशेष वाटते ते शेवटच्या टप्प्याचे. टोचलेले जनावर आणि रोगातून उठलेले जनावर रक्ततपासणीत सारखेच दिसते. म्हणून रोग खरोखर गेला की नाही हे कळण्यासाठी टोचणे थांबवावे लागले. हाती ढाल असताना ती खाली ठेवणे सोपे नव्हे. भारतात शेवटची लागण १९९५ साली झाली. २०११ साली जग रोगमुक्त जाहीर झाले. माणसांच्या देवीनंतर समूळ नाहीसा झालेला हा दुसराच रोग.

त्याचा भाऊबंद मात्र अजून शिल्लक आहे. शेळ्यामेंढ्यांना होणाऱ्या पीपीआरमध्ये तोंडातील व्रण, नाकातील स्राव व हगवण तशीच. २०३० पर्यंत तो जगातून घालविण्याचा संकल्प आहे. त्याचीही लस मुक्तेश्वरलाच तयार झाली. एका टोचणीने सुमारे तीन वर्षे संरक्षण मिळते. बैल गेल्यावर गावभर हळहळ होई. भूमिहीन बाईची शेळी गेली तर शेजारच्या घरालाही पुष्कळदा पत्ता नसतो. बाजारातून आणलेली शेळी दोन-तीन आठवडे वेगळी बांधावी, करडू चार महिन्यांचे झाले की टोचून घ्यावे, आणि कळपात एकदम हगवण लागली तर पशुवैद्याला त्याच दिवशी कळवावे.