४४० बाइटांचा संसार

संगणकाचं बटण दाबल्यापासून विंडोज किंवा लिनक्स दिसेपर्यंत जे काही सेकंद जातात, तेवढ्यात एक चिमुकला प्रोग्राम येतो, आपलं काम करतो आणि निघून जातो. इतका चिमुकला, की हापिसातल्या आपल्या ईमेलखालची सहीसुद्धा त्याच्यापेक्षा मोठी भरेल. गेले चार वीकांत मी अशाच एका प्रोग्रामच्या मागे लागलो होतो. असेंब्ली येत नसेल तरी बिचकू नका, बेरीज-वजाबाकी आली की पुरे :)

आधी थोडी पार्श्वभूमी. जुन्या पद्धतीच्या पीसीमध्ये बायोस काय करतं, तर डिस्कचा अगदी पहिला सेक्टर, म्हणजे ५१२ बाइट, मेमरीत हेक्स ७सी०० या पत्त्यावर आणून ठेवतं. त्याचे शेवटचे दोन बाइट ५५ आणि एए आहेत ना, एवढं बघतं आणि सगळा कारभार त्याच्या हातात देतं. हा सेक्टर म्हणजे मास्टर बूट रेकॉर्ड, एमबीआर. १९८३ साली आयबीएमचा पीसी एक्सटी हार्ड डिस्क घेऊन आला आणि सोबत डॉस २.० आलं, तेव्हापासूनची ही व्यवस्था. आता या ५१२ मध्ये शेवटचे २ बाइट त्या खुणेचे. त्याआधीचे ६४ पार्टिशन टेबलचे, चार पार्टिशनना प्रत्येकी १६. उरले ४४६. त्यातलेही शेवटचे ६ विंडोज एनटीच्या खानदानाने डिस्कच्या ओळख क्रमांकासाठी धरून ठेवलेत. म्हणजे आपल्या हातात ४४०. मेनू दाखवायचा, कळ दाबायची वाट बघायची, निवडलेलं पार्टिशन शोधायचं, त्याचा पहिला सेक्टर आणायचा आणि तिकडे उडी मारायची, हे सगळं एवढ्यात. वन रूम किचनमध्ये आठ माणसांचा संसार म्हणा ना.

आता कुणी म्हणेल, हे उद्योग आज कशाला? नवी मशीन यूईएफआयवर चालतात, तिथे बूटलोडर ही एका फॅट पार्टिशनमधली साधी फाइल असते, ४४० ची भानगडच नाही. खरं आहे. पण मिरजेला माझ्या मामांचा छापखाना आहे. तिथे एका पेंटियम फोरवर आजही विंडोज ९८ चालतं. मायक्रोसॉफ्टने त्याचा सपोर्ट ११ जुलै २००६ ला बंद केला. छापखान्याला ते कळलेलं नाही, आणि कळून उपयोगही नाही. कारण त्या मशीनवर पेजमेकर आहे आणि युनिकोडच्या आधीच्या जमान्यातले मराठी फॉन्ट आहेत. या फॉन्टमध्ये 'क' हे अक्षर फाइलमध्ये 'क' म्हणून नसतंच, एखाद्या इंग्रजी अक्षराच्या किंवा चिन्हाच्या क्रमांकावर बसवलेलं असतं. दुसऱ्या मशीनवर तीच फाइल उघडली की नुसता चिन्हांचा चिवडा. फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं कुलूपही प्रिंटर पोर्टला लावायचं, तसला पोर्ट असलेलं मशीन आता शोधून सापडत नाही. बावीस-तेवीस वर्षांच्या लग्नपत्रिका, दोन स्थानिक दिवाळी अंक, गावातल्या कवींचे संग्रह, सगळं त्या डिस्कवर.

त्याच मशीनवर मामेभावाने लिनक्सही टाकलेलं आहे. विंडोज ९८ घेऊन इंटरनेटवर जायचं नाही एवढी अक्कल त्याला आहे. संध्याकाळी तो लिनक्स चालू करतो आणि गिऱ्हाइकांना पीडीएफ पाठवतो. दोन्हींतून निवड करायला त्याने जालावरून एक मोफत बूट मॅनेजर उतरवून घेतला होता. कुणा सज्जनाने असेंब्लीत लिहून सोर्ससकट ठेवून दिलेला.

ग्रब का नाही, असं मीही विचारलं. ग्रबमध्ये काही वाईट नाही, पण एमबीआरमध्ये त्याचा फक्त पहिला तुकडा असतो, बाकीचा पसारा लिनक्सच्या पार्टिशनमध्ये. भावाने उद्या लिनक्स पुसलं, तर विंडोजही उठणार नाही. हा छोटा प्रोग्राम मात्र एकाच सेक्टरमध्ये राहतो आणि कुणावर अवलंबून नाही. छापखान्यासाठी हेच बरं.

गेल्या वर्षी ६.४ जीबीची जुनी डिस्क कटकट आवाज करायला लागली. सगळ्याची नक्कल काढून ४० जीबीची डिस्क बसवली. विंडोज सुरळीत आलं, लिनक्स मात्र येईना. कारण साधं होतं. हा प्रोग्राम सेक्टर वाचायला बायोसची जुनी पद्धत वापरत होता, सिलिंडर, हेड आणि सेक्टर सांगायची. तिथे सिलिंडर १०२४, हेड २५५, सेक्टर ६३, प्रत्येकी ५१२ बाइट. गुणाकार करा, ८.४ जीबी येतात. त्यापलीकडचं जग त्याला दिसतच नाही, आणि लिनक्स बसलं होतं २० जीबीच्या पुढे. भावाने मला फोन केला आणि माझे चार वीकांत सत्कारणी लागले.

सोर्स उघडून पाहिला तर लिहिणारा माणूस पक्का कोकणस्थ असणार :) एक बाइट वाया घालवलेला नाही. रजिस्टरमध्ये शून्य ठेवायला मूव्ह वापरलं तर ३ बाइट, एक्सऑर वापरलं तर २, म्हणून सगळीकडे एक्सऑर. प्रत्येक शब्दाच्या शेवटी शून्य ठेवण्याऐवजी शेवटच्या अक्षराचाच वरचा बिट चालू करून ठेवलेला. ४४० पैकी ४३१ भरलेले, ९ शिल्लक.

मग मला काय काय हवंय त्याची यादी केली.

एक, लांबचा सेक्टर वाचणं. बायोसच्या वाढीव पद्धतीत सेक्टरचा थेट क्रमांक द्यायचा, पण त्यासाठी १६ बाइटांचं एक छोटं पाकीट तयार करावं लागतं. ते प्रोग्राममध्ये तयार ठेवून भरलं तर पाकीट आणि कोड मिळून ३१ बाइट. त्यापेक्षा चालता चालता एकेक आकडा स्टॅकवर ढकलून पाकीट तिथेच बांधलं तर २२, आणि नंतर स्टॅक साफ करायचे ३, एकूण २५. जुन्या वाचनाचे १४ सुटतात. निव्वळ खर्च ११.

दोन, वाट बघण्याचा वेळ. जुना कोड आकडे मोजत बसायचा, त्यामुळे मशीन जितकं जलद तितकी सवड कमी. पेंटियम फोरवर मेनू आला आणि गेला, कळ दाबायला माणूस की विजेचा झटका हवा. त्याऐवजी बायोसचं घड्याळ वापरायचं. ते सेकंदाला साधारण १८.२ टोले देतं, १८२ टोले म्हणजे दहा सेकंद. खर्च ४.

तीन, विंडोज ९८ ची एक खोड. ९५बी, ९८ आणि एमई या मंडळींच्या एमबीआरमध्ये २१८ व्या बाइटपासून ६ बाइट डिस्कच्या वेळेच्या नोंदीसाठी असतात. तिथे आपला कोड ठेवणं म्हणजे दुसऱ्याच्या पार्किंगमध्ये गाडी लावणं. ती जागा सोडून पुढे उडी मारायची, ६ अधिक २, खर्च ८.

चार, आवाज. मॉनिटर बटण दाबल्यावर आधी आपला लोगो दाखवतो, मग विचार करतो, मग चित्र आणतो. तोवर मेनू येऊन बसलेला असतो. मेनूच्या मजकुरात ७ क्रमांकाचं अक्षर घातलं की स्पीकर टुक् करतो. खर्च फक्त १.

बेरीज २४. शिल्लक ९. नॅझमला कोड दिला तर त्याने कोऱ्या आवाजात कळवलं, 'टाइम्स व्हॅल्यू -१५ इज निगेटिव्ह'. म्हणजे उरलेली जागा शून्यांनी भरायला सांगितलंत खरं, पण उरलेली जागा उणे पंधरा आहे.

आता पंधरा बाइट कुठून आणायचे? काटकसर आधीच्या माणसाने संपवलेली. म्हणजे काहीतरी टाकायलाच हवं होतं. दोन वाटा दिसल्या. पहिली, मजकूर कापायचा. 'विंडोज' आणि 'लिनक्स' ही नावं इंग्रजीत ७ आणि ५ अक्षरांची. एकेका अक्षरावर आणली तर १० वाचतात. 'डिस्क एरर' हा १० अक्षरांचा संदेश नुसता 'ई' केला तर आणखी ९. झाले १९. दुसरी वाट, शेवटची निवड लक्षात ठेवण्याची सोय काढायची. हा प्रोग्राम दर वेळी आपण काय निवडलं ते स्वतःच्याच सेक्टरमध्ये परत लिहून ठेवायचा, म्हणजे पुढच्या वेळी तेच आपोआप सुरू होईल. निवड नोंदवायचे ३ आणि डिस्कवर लिहायचे १३, मिळून १६ बाइट.

माझा हात सरळ मजकुराकडे गेला. आपल्यासारख्याला मेनूत एक अक्षरही पुरतं, आणि लक्षात ठेवणं ही तर मस्त सोय. भावाचंही तेच मत. "दादा, तेच तर सगळ्यात भारी फीचर आहे त्याचं!"

पण मशीन वापरतं कोण? दिवसभर त्यावर बसतात त्या काकू. पंचवीस वर्षं त्या छापखान्याचं टायपिंग आणि पानं लावायचं काम करतायत. त्यांना फोन लावला आणि विचारलं, "काकू, सकाळी तो मेनू येतो, तो वाचता का तुम्ही?"

"कुठला मेनू रे? मी बटण दाबते, देवाला उदबत्ती लावते, चहा ठेवते. येईपर्यंत विंडोज आलेलं असतं." मग जरा थांबून म्हणाल्या, "एकदा मात्र आलं नव्हतं. काळा पडदा आणि इंग्रजीत काहीतरी विचारत होतं. लगीनसराई होती, तीन पत्रिका त्या दिवशी द्यायच्या होत्या. मला वाटलं सगळं गेलं. मी हात नाही लावला. बंद करू की नको, तेही कळेना. अकराला तुझे मामा येईपर्यंत नुसती समोर बसून होते."

आदल्या रात्री भावाने लिनक्स वापरलं होतं. प्रोग्रामने ते इमानेइतबारे लक्षात ठेवलं आणि सकाळी काकूंपुढे लिनक्सचा लॉगिन आणून ठेवला. बिघाड काही नव्हता, सोयच तशी होती.

शिवाय दुसरी गोष्ट. ही सोय म्हणजे पार्टिशन टेबल असलेला सेक्टर रोज नव्याने लिहिणं. लिहिता लिहिता वीज गेली आणि तो एक सेक्टर नासला तर चारही पार्टिशनचे पत्ते गेले. छापखान्याच्या यूपीएसची बॅटरी कधीची आहे ते मामांनाही आठवत नाही. निवड बदलली तरच लिही, अशी तपासणी घालता येते, पण तिला आणखी ६ बाइट लागतात. ते कुठून आणू?

आणि 'डिस्क एरर'? काकू मेनू वाचत नाहीत, पण मशीन अडलं तर पडद्यावर जे असेल ते फोनवर अक्षर अक्षर वाचून दाखवतील. मी पुण्यात बसून 'ई' वरून काय समजणार? 'डिस्क एरर' ऐकलं तर निदान पुढचा प्रश्न काय विचारायचा ते कळेल.

तेव्हा लक्षात ठेवणं गेलं. नेहमी विंडोज, दहा सेकंदांत २ दाबलं तरच लिनक्स. ९ अधिक १६, वजा २४. एक बाइट शिल्लक राहिला. नॅझम काही बोलला नाही.

आधी क्यूएमूमध्ये, डिस्कच्या प्रतिमेवर, पन्नासेक वेळा चालवून बघितलं. मग दिवाळीच्या सुट्टीत मिरजेला गेलो. पहिला सेक्टर पेनड्राइव्हवर काढून घेतला आणि डीडीने फक्त पहिले ४४० बाइट लिहिले. ५१२ लिहिले असते तर पार्टिशन टेबलही माझंच गेलं असतं, म्हणून ४४०. बटण दाबलं. टुक्. दहा सेकंद. विंडोज ९८ चे ढग. पुन्हा बंद-चालू, टुक्, २, लिनक्स. भाऊ आधी कुरकुरत होता. आता म्हणतो की पडद्याकडे न बघताच दाबता येतं, टुक् ऐकलं की झालं.

आपण रोज ज्या सॉफ्टवेअरवर काम करतो तिथे जागा संपत नाही. कुणी म्हणालं 'शेवटची निवड लक्षात ठेवा', तर ठेवतो. कुणी म्हणालं 'नको', तर सेटिंग्जमध्ये एक खूण वाढवतो आणि दोघांनाही खूश केल्याचं समाधान मिळवतो. त्या खुणेपर्यंत काकू कधीच पोचणार नसतात, हे आपल्या गावीही नसतं. इथे उणे पंधरा आल्यामुळे फोन करावा लागला. जागा असती तर मी दोन्ही ठेवलं असतं, आणि काकूंना विचारायचं मला सुचलंही नसतं.

असो. काकूंना आठवड्याने विचारलं, "काही फरक वाटतोय का?" म्हणाल्या, "नाही रे, कसला?" मामा मात्र विचारतायत, तो एक बाइट उरलाय त्यात गणपतीचं काही बसेल का. बघतो म्हटलं.