48 मतांचे उपनगर

मुलुंड (पूर्व), मुंबई
12 फेब्रुवारी 2025

ती. अप्पांस,


अप्पांच्या पत्रातील प्रश्न असा होता की, 2024 च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्राने 48 पैकी 30 जागा महाविकास आघाडीला दिल्या, महायुतीला 17 वर रोखले आणि उरलेली सांगलीची जागा विशाल पाटील या अपक्षाच्या पदरात टाकली, तर या सगळ्यात मुंबईच्या उपनगरांचा कौल नेमका कोणाला मिळाला? या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देता येत नाही. उत्तर द्यायला बसलेला माणूस आधी जागा मोजतो, मग मते मोजतो, आणि दोन्ही बेरजा परस्परविरुद्ध दिशांना बोट दाखवू लागल्या की आपण मुळात काय मोजत आहोत याच विचारात पडतो.

जागांचा हिशेब सोपा आहे. उपनगर जिल्ह्यात संपूर्णपणे मोडणारे लोकसभा मतदारसंघ चार: उत्तर, वायव्य, ईशान्य आणि उत्तर-मध्य मुंबई. चेंबूर आणि अणुशक्तीनगर हे जिल्ह्याचे दोन विधानसभा मतदारसंघ मात्र दक्षिण-मध्य मुंबईला जोडलेले आहेत. या चारांपैकी उत्तर मुंबईत भाजपचे पीयूष गोयल 3,57,608 मतांनी निवडून आले, तर वायव्य मुंबईत शिंदे यांच्या शिवसेनेचे रवींद्र वायकर 48 मतांनी. ईशान्येत ठाकरे गटाचे संजय दिना पाटील यांनी मिहिर कोटेचा यांना 29,861 मतांनी आणि उत्तर-मध्य मुंबईत काँग्रेसच्या वर्षा गायकवाड यांनी उज्ज्वल निकम यांना 16,514 मतांनी हरवले. थोडक्यात, दोन जागा महायुतीला आणि दोन आघाडीला गेल्या. आता मतांचा हिशेब मांडला, तर महायुतीच्या दोन विजयांचे मताधिक्य 3,57,656 भरते आणि आघाडीच्या दोन विजयांचे 46,375; चारही ठिकाणी पहिले दोन उमेदवार याच दोन आघाड्यांचे असल्यामुळे या चार मतदारसंघांत मिळून महायुतीच्या उमेदवारांना आघाडीच्या उमेदवारांपेक्षा तीन लाखांहून अधिक मते पडली, असा त्याचा सरळ अर्थ होतो. शहरातील दोन मतदारसंघ धरले, तरी संपूर्ण मुंबईत हा फरक सुमारे 2 लाख 5 हजारांचा राहतो. आणि तरीही सहापैकी चार खासदार आघाडीचे झाले.

यात कोणाची लबाडी नाही. आपल्याकडची निवडणूक सर्वाधिक मतांच्या पद्धतीने होते, म्हणजे मतदारसंघात ज्याला इतर प्रत्येक उमेदवारापेक्षा जास्त मते मिळतील तो निवडून येतो, मग ती एकाने जास्त असोत वा साडेतीन लाखांनी. एका मतदारसंघात उरलेले मताधिक्य शेजारच्या मतदारसंघाला उसने देता येत नाही. बोरिवली, दहिसर, मागाठाणे, कांदिवली पूर्व, चारकोप आणि मालाड पश्चिम या सहा विधानसभा मतदारसंघांनी गोयल यांच्या झोळीत जे भरभरून टाकले, त्याचा एक शतांश भागही वायव्य मुंबईतल्या गोरेगावकडे सरकला असता, तर वायकर यांना मतमोजणीची रात्र इतकी जड गेली नसती. मालाडला ही सीमारेषा तर डोळ्यांना दिसते. स्थानकाच्या पश्चिमेला राहणारा मतदार उत्तर मुंबईचा खासदार निवडतो, पूर्वेला कुरार गावात राहणारा मतदार दिंडोशी विधानसभेत, आणि म्हणून वायव्य मुंबईत, मोडतो. दोघे सकाळी एकाच फलाटावर एकाच लोकलची वाट पाहतात, पण 2024 मध्ये एकाचे मत लाखोंच्या ढिगात पडले आणि दुसऱ्याचे मत देशातील सर्वांत अटीतटीच्या लढतीत मोजले गेले.

ही रेषा कोणी आखली, तर मतदारसंघ पुनर्रचना आयोगाने. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील या आयोगाने 2001 च्या जनगणनेच्या आधारे आखलेले मतदारसंघ 2009 च्या निवडणुकीपासून लागू झाले. त्यापूर्वी उत्तर मुंबईचा मतदारसंघ खाडी ओलांडून वसईकडे पसरलेला होता. राम नाईक यांनी 1989 पासून सलग पाच वेळा जो जिंकला आणि 2004 मध्ये गोविंदा या अभिनेत्याकडून जिथे त्यांना हार पत्करावी लागली, तो उत्तर मुंबई मतदारसंघ आणि आजचा उत्तर मुंबई मतदारसंघ यांचे नाव एक असले तरी भूगोल एक नाही. म्हणूनच ‘बोरिवली हा अमुक पक्षाचा बालेकिल्ला’ हे विधान करताना कोणत्या वर्षीची बोरिवली आणि तिच्या सोबतीला कोणकोणते भाग, हे आधी सांगणे आवश्यक ठरते. नव्या सीमांतील पहिल्याच लढतीत, 2009 साली, याच उत्तर मुंबईत काँग्रेसचे संजय निरुपम 5,779 मतांनी जिंकले होते, ही गोष्ट आज बालेकिल्ल्याच्या गप्पा मारणाऱ्यांच्या लक्षात राहिलेली दिसत नाही.

ईशान्य मुंबईचा स्वभाव याहून निराळा आहे. 1977 आणि 1980 अशा दोन निवडणुका सुब्रमण्यम स्वामी यांनी येथून लागोपाठ जिंकल्या. त्यानंतर आजवर एकाही खासदाराला ही जागा सलग दुसऱ्यांदा जिंकता आलेली नाही. गुरुदास कामत, जयवंतीबेन मेहता, प्रमोद महाजन, किरीट सोमय्या, मनोज कोटक अशी सगळी नावे या यादीत येतात आणि जातात, त्यांतली काही पुन्हा परततात, पण पाठोपाठ दोनदा कोणी नाही. संजय पाटील यांनीही 2009 मध्ये राष्ट्रवादीच्या चिन्हावर केवळ 2,933 मतांनी मिळवलेली जागा 2014 मध्ये गमावली आणि 2024 मध्ये ठाकरे गटाच्या मशाल चिन्हावर परत घेतली. या मतदारसंघाची रचना पाहिली की हे चंचलपण अकारण वाटत नाही. मुलुंड आणि घाटकोपर पूर्व येथील मराठी-गुजराती सोसायट्या, भांडुप आणि विक्रोळीच्या चाळी व डोंगरउतारावरच्या वस्त्या, आणि देवनारच्या कचराभूमीलगतचा मानखुर्द-शिवाजीनगर, अशी तीन शहरे येथे एका दोरीने बांधलेली आहेत. या वेळी मुलुंड व घाटकोपर पूर्वेने कोटेचा यांना दिलेली आघाडी मानखुर्द-शिवाजीनगरने एकट्याने जवळजवळ धुऊन काढली आणि बाकीचे काम उरलेल्या भागांनी केले. मतदानाच्या आदल्या आठवड्यात, 13 मे 2024 रोजी, घाटकोपरच्या छेडानगरजवळ पेट्रोल पंपावर महाकाय फलक कोसळून 17 माणसे मृत्युमुखी पडली आणि दोनच दिवसांनी घाटकोपरमध्ये पंतप्रधानांचा रोड शो झाला. या दोन घटनांचा मतांवर किती परिणाम झाला हे छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात, त्यांचे पुरावे मात्र कोठे भेटत नाहीत.

वायव्य मुंबईकडे थोडे अधिक बारकाईने पाहिले पाहिजे, कारण तेथे निकालाचे सांधे उघडे पडले. ही लढत शिवसेनेच्या दोन तुकड्यांमधली होती. जून 2022 मधील फुटीनंतर निवडणूक आयोगाने फेब्रुवारी 2023 मध्ये पक्षाचे नाव व धनुष्यबाण शिंदे गटाला दिले. मावळते खासदार गजानन कीर्तिकर शिंदे यांच्याबरोबर गेले, तर त्यांचे चिरंजीव अमोल कीर्तिकर ठाकरे गटाचे उमेदवार झाले. त्यांच्यासमोर उभे राहिलेले वायकर हे मार्च 2024 पर्यंत ठाकरे गटाचेच आमदार होते. 4 जून रोजी गोरेगावच्या नेस्को संकुलात मतदान यंत्रांची मोजणी संपली, तेव्हा कीर्तिकर यांची मते 4,51,095 आणि वायकर यांची 4,51,094 होती. निर्णय टपाली मतांवर आला. टपाली मत म्हणजे सैनिक, निवडणुकीच्या कामावरील कर्मचारी, अतिवृद्ध अथवा अपंग मतदार अशांनी केंद्रावरील यंत्राऐवजी कागदी मतपत्रिकेवर नोंदवलेले मत. त्यांतील 1,550 वायकर यांना आणि 1,501 कीर्तिकर यांना मिळाली, आणि 49 मधून एक वजा जाऊन 48 हे मताधिक्य ठरले. बाद झालेल्या टपाली मतपत्रिका 111 होत्या. बाद मतपत्रिकांची संख्या मताधिक्याहून मोठी असेल तर त्या सर्व पुन्हा तपासाव्यात असा आयोगाचा दंडक असल्याने त्यांची फेरतपासणीही झाली. याच मतदारसंघात ‘नोटा’ला, म्हणजे वरीलपैकी कोणीही नको या पर्यायाला, 15,161 मते पडली होती. राज्यातल्या एकूण जागा 48 आणि या मताधिक्याचा आकडाही 48, हा निव्वळ योगायोग. त्याच्यावरून ज्योतिष मांडणारेही निघालेच.

पुढे या निकालाचा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला, आणि कीर्तिकर यांच्या याचिकेतील एका मुद्द्यामुळे सहसा कोणाच्या कानावर न पडणारी ‘प्रदत्त मत’ ही संज्ञा चर्चेत आली. मतदार केंद्रावर पोचतो आणि त्याच्या नावावर आधीच कोणीतरी मत देऊन गेल्याचे त्याला कळते. अशा वेळी ओळख पटल्यावर त्याला यंत्राऐवजी कागदी मतपत्रिका दिली जाते, ती स्वतंत्र लिफाफ्यात बंद होते आणि नेहमीच्या मोजणीत धरली जात नाही. यालाच प्रदत्त मत अथवा केंद्रावरच्या भाषेत टेंडर व्होट म्हणतात. अशी 333 मते या मतदारसंघात पडल्याचे कीर्तिकर यांचे म्हणणे होते, आणि 333 तोतया मतांच्या शेजारी 48 चे मताधिक्य ठेवले की मुद्द्याचे वजन कोणाच्याही लक्षात येईल. तथापि ही मते निकालावर नेमका कसा परिणाम करतात हे दाखवण्याइतका तपशील याचिकेत नाही, असे ठरून ती डिसेंबर 2024 मध्ये प्राथमिक टप्प्यावरच फेटाळली गेली. कायद्याच्या चौकटीत हा निर्णय समजण्यासारखा आहे. पण हजेरी लावूनही ज्याचे मत लिफाफ्यातच राहिले त्या मतदाराचे समाधान त्याने होणार नाही. मोबाइलच्या साहाय्याने मतदान यंत्र उघडले गेल्याची जी वदंता निकालानंतर पसरली, तिच्यात मात्र तथ्य नव्हते, कारण यंत्राला मोबाइलवर येणारा असा कोणताही संकेतांक लागत नाही, असे निवडणूक अधिकाऱ्यांनी जाहीरपणे स्पष्ट केले. लोकांचे लक्ष या वदंतेकडे वळले आणि मतदार यादीतील खऱ्या दोषांकडे दुर्लक्ष झाले, हे जास्त वाईट झाले.

संपूर्ण राज्याचे चित्रही याच मापाने पाहावे लागते. 2019 मध्ये भाजप-शिवसेना युतीला सुमारे 51 टक्के मते आणि 41 जागा मिळाल्या होत्या. 2024 मध्ये दोन्ही आघाड्यांच्या मतांतील अंतर जेमतेम एका टक्क्याच्या आत होते, तरी जागांतील अंतर 13 चे झाले. पुढे नोव्हेंबरमध्ये विधानसभेच्या 288 पैकी 230 जागा महायुतीच्या तिन्ही प्रमुख पक्षांनी जिंकल्या, आणि जूनमध्ये ‘महाराष्ट्राने धडा शिकवला’ म्हणणाऱ्यांची जागा ‘महाराष्ट्राने चूक सुधारली’ म्हणणाऱ्यांनी घेतली. त्या लाटेतही वायव्य मुंबईचे सहा विधानसभा मतदारसंघ तीन-तीन असे वाटले गेले: वर्सोवा, दिंडोशी आणि जोगेश्वरी पूर्व ठाकरे गटाकडे, तर अंधेरी पूर्व, अंधेरी पश्चिम आणि गोरेगाव महायुतीकडे. जोगेश्वरी पूर्वेत खासदार वायकर यांच्या पत्नी मनीषा वायकर 1,541 मतांनी पराभूत झाल्या. एखादा प्रदेश दोन वेळा विचारल्यावर दोन्ही वेळा बरोबर मधोमध दुभंगत असेल, तर त्याच्या कौलाला एका पक्षाचे नाव देणे हे विश्लेषण नव्हे, सोयीची घोषणाबाजी आहे. अप्पांच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून म्हणायचेच झाले तर इतके म्हणता येईल की उपनगरांतील अधिक मते महायुतीला पडली आणि त्यांचा मोठा भाग बोरिवलीच्या बाजूला एकवटून राहिला.

जाता जाता एक विनंती. उपनगरांतल्या इमारती पुनर्विकासासाठी रिकाम्या होत आहेत, म्हणजे जुनी पाडून तिच्या जागी नवी उभी राहीपर्यंत रहिवासी दोन-चार वर्षे अन्यत्र भाड्याने राहतात, आणि यादीतील नाव मात्र पाडलेल्या पत्त्यावरच चिकटून असते; अशी बेवारस नावे तोतयांना सोपी जातात आणि खऱ्या मतदाराला केंद्रावरून हात हलवत परतावे लागते. अप्पांचे व काकूंचे नाव अद्याप गोरेगावच्या जुन्या इमारतीच्या पत्त्यावर असल्यास, पत्ता बदलण्यासाठी असलेला नमुना 8 चा अर्ज या महिन्यातच भरावा, आणि पुढची निवडणूक जाहीर होण्याआधी यादीचा भाग व अनुक्रमांक एकदा डोळ्यांखालून घालावा.